न आलेल्या साहेबाचं पुस्तक

कॉलेजात पोरं मला पाठीमागे 'संदर्भसर' म्हणतात. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मनातून आवडायचंही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवतो. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोरांना लघुप्रबंध लिहावा लागतो. तो माझ्या टेबलावर आला की माझा लाल पेन सुरू. हे कुठून घेतलं? कोणी लिहिलं? पान कितवं? पोरं रडकुंडीला यायची. माझा बाप वरोऱ्याला शाळामास्तर होता. त्याचं एक वाक्य मी आयुष्यभर धरून बसलो होतो : 'पाह्यलं असन तं सांग, नाई तं चूप बस.' ते वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवायला भरपूर वापरलं. स्वतःला लावून पाहायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. मोहाचा हंगाम सरत आला होता आणि बिडीच्या तेंदूपत्त्याची तोडणी लागायची होती. दुपारी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो, तर दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी. मुलचेऱ्याच्या पुढं बंगाली निर्वासितांच्या वस्त्या संपल्या की आत जंगलात तिचं गाव लागतं. त्या गावातली एम.ए. झालेली ती पहिलीच पोरगी, आणि तिचा लघुप्रबंध माझ्याच हाताखाली झाला होता.

"काय गं, नोकरीचं पत्र आलं की काय?" मी थट्टा केली.

"पत्र आलं सर, पण नोकरीचं नाई," ती म्हणाली आणि पिशवीतून कागद काढला.

तिच्या गावानं सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. टेकडीपर्यंतचं जंगल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, मोह वेचतो, पत्ता तोडतो, तर तो हक्क आम्हाला कागदावर लिहून द्या, असं गावाचं म्हणणं. सरकारी नकाशात मात्र गावाची हद्द अलीकडच्या नाल्यापाशीच थांबत होती. आणि नाला ते टेकडी एवढ्याच पट्ट्यात गावाची बहुतेक मोहाची झाडं. ती गेली तर गावाजवळ राहायचं काय, तर नुसती घरं. दाव्याला पुरावा म्हणून गावानं या पोरीच्या लघुप्रबंधातलं तिसरं प्रकरण जोडलं होतं, 'गावाची पारंपरिक हद्द' नावाचं. त्यात टेकडीचा स्पष्ट उल्लेख होता आणि उल्लेखाखाली एका पुस्तकाचा संदर्भ : लेखक, साल, प्रकाशक, पान एकशे बारा. उपविभागाच्या समितीनं आता पत्र पाठवलं होतं. सुनावणीच्या दिवशी ते पुस्तक किंवा त्या पानाची प्रत हजर करा, नाहीतर हा पुरावा धरला जाणार नाही. हातात पंधरा दिवस होते.

"मग नेऊन दे ना पुस्तक," मी म्हणालो.

"माह्याजवळ नाई सर. तुमच्याजवळ असन म्हणून तं आली."

"माझ्याजवळ कुठून असणार?"

"तोंडी परीक्षेत तुम्हीच म्हणलं होतं ना, दुर्मीळ पुस्तक आहे म्हणून."

खरंच म्हटलं होतं मी तसं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादीवर बोट ठेवून विचारलं होतं, 'हे पुस्तक पाहिलं नाही कधी, तुम्ही पाहिलंय?' आता संदर्भसरानं काय सांगावं, नाही पाहिलं? मी मान हलवली आणि 'दुर्मीळ आहे' म्हणून मोकळा झालो. परीक्षकांनी कौतुकानं मार्क दिले होते. ते पुस्तक मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"पाहतो मी," एवढंच तिला बोललो. भाकर तशीच डब्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून चंद्रपूरला गेलो. एका जुन्या ग्रंथालयातल्या बाई माझ्या ओळखीच्या. कपाटातलं कुठलंही पुस्तक डोळे मिटून काढून देतात. मी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसल्या.

"सर, या महिन्यातले तुम्ही तिसरे."

"म्हणजे? पुस्तक कोणी नेलं?"

"पुस्तक नाई नेलं. अशी चिठ्ठी आणणारे तुम्ही तिसरे. पहिला आला तेव्हा मी दोन दिवस कपाटं उपसली. लेखक बरोबर वाटे, प्रकाशक बरोबर वाटे, पान नंबरसुद्धा. मंग विचारलं, बाबा, ही चिठ्ठी देली कोणी? तं म्हणे, एआयनं." त्यांनी चिठ्ठी मला परत दिली. "आता मी आधी एकच विचारते. हे पुस्तक पाह्यलेलं माणूस आणा, मंग मी पुस्तक आणते."

"अहो बाई, पण पान नंबर आहे इथं!"

"राहू द्या सर, चहा घ्या," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बहुतेक पाहण्यासारखा झाला असावा.

तरी मी हटलो नाही. संगणकावर शोधायला लावलं, नागपूरच्या दोन ओळखीच्या लोकांना फोन केले. त्या प्रकाशकाच्या यादीत ते पुस्तक नव्हतं. लेखकानं त्या विषयावर कधी काही लिहिलेलं नव्हतं, आणि तसा लेखक होता की नाही याचाही पत्ता लागेना. परतीच्या गाडीत बल्लारपूर आलं, कागद कारखान्याचा तो वास खिडकीतून आत शिरला, आणि मला एकदम संताप आला. इतका कागद बनतो इथं, त्यातल्या एका पानावर पण ही ओळ छापलेली नाही! संताप त्या पोरीवर काढायचा हे मी गाडीतच पक्कं केलं. माझा स्वभाव तसा आहे. भीती वाटली की मी आधी दुसऱ्यावर ओरडतो.

शनिवारी तिला बोलावलं आणि ओरडलो. "लाज नाही वाटली? गावाचा दावा आहे, खेळ आहे का? पुस्तक न पाहता ठोकून दिलंस?"

ती खाली मान घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, रागावू नका. मी पहिले आत्याचंच नाव लिहिलं होतं. तुम्ही काटलं."

"मी खोडलं?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"तुम्ही म्हणलं, म्हातारीचं बोलणं म्हणजे संदर्भ नाई होत. छापील पाह्यजे. मी छापील कुठून आणू? आमच्या गावाबद्दल कोण लिहितं? मंग फोनमधी आत्यानं सांगतलं ते सगळं टाकलं आन् विचारलं, हे कुठी छापलं असन तं शोधून दे. त्यानं लगेच देल्लं. पुस्तक, पान, सगळं. मले इतकी खुशी झाली सर! मले वाटलं, कोणीतरी आमच्या गावात येऊन गेला, आन् त्यानं आमचं लिहून ठेवलं. मी गावात सगळ्यायले सांगतलं."

खरं सांगतो, मला तिथंच बसावंसं वाटलं. आत्याचेच शब्द तिनं आत टाकले होते, आणि त्या यंत्रानं तेच शब्द दुसऱ्याच्या नावानं परत दिले होते. त्याच्यावर मी सही ठोकली होती.

पण खरी पंचाईत पुढेच होती. पोरीनं गावात सांगितलं की आपल्या गावाचं पुस्तक आहे, आणि गाव आठवू लागलं. कोण आला असेल? एकाला आठवलं की लहानपणी एक चष्मेवाला साहेब जीपनं आला होता. दुसऱ्याला त्या साहेबाची टोपी आठवली. तिसरा म्हणाला, आमच्याच घरी जेवला तो, कोंबडा कापला होता. दोन म्हाताऱ्यांनी तर दाव्यासोबत लेखी जबाब देऊन अंगठे उठवले होते : साहेब आला, आमच्यासमोर टेकडीपर्यंत चालला, आणि पुस्तकात लिहून घेऊन गेला. म्हणजे आता पुस्तक खोटं ठरलं की हे दोघंही खोटे. आणि दोघं खोटे ठरले की सगळा दावाच खोटा म्हणायला कोण कमी करणार? जाणत्या माणसांचा लेखी जबाब अशा दाव्यात पुरावा म्हणून चालतो, हे मला आता कळत होतं. चाललं असतं ते आम्ही खोडलं होतं, आणि न चालणारं वर चढवलं होतं.

"आत्याला काय आठवलं? साहेब?" मी विचारलं.

"आत्या तेव्हाच चिडली होती सर. म्हणे, कोनी साहेब आला नाई. मी त्याच्यासाठी बी ठेवणार नाई."

ही बी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आत्या म्हणजे तिच्या बापाची मोठी बहीण, लग्नानंतरही त्याच गावात राहिलेली. म्हातारीची एक सवय होती. काही जुनं सांगायचं असलं की आधी कमरेच्या बटव्यातून मोहाच्या बिया काढायची आणि समोर मांडायची. जितक्या जणांच्या तोंडून ती गोष्ट तिच्यापर्यंत आली, तितक्या बिया. ही माझ्या बापाची, ही त्याच्या मामाची, असं म्हणत एकेक ठेवायची आणि मगच बोलायची. कोणाकडून ऐकलं ते माहीत नसलं तर बी ठेवायची नाही. वर सांगायची, 'हे ऐकीव आहे, याच्यावर भरोसा करू नको.' पोरीनं पहिल्या मसुद्यात हे सगळं लिहिलं होतं. मी त्यावर लाल पेनानं 'मनोरंजक, पण संशोधन नव्हे' असं लिहून पुढं गेलो होतो. हुशारच ना मी!

"मग आत्याचा जबाब आत्ताच घेऊ," मी म्हणालो. "चल, उद्याच गावी जातो."

ती पोरगी तेव्हा पहिल्यांदा रडली. "आत्याले दिवाळीच्या आधीच लकवा मारला सर. उजवी बाजू गेली. समजते सगळं, पण बोलता येत नाई."

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "सर, माही ती वही कुठी आहे?"

वही! गावात फिरून तिनं जे टिपलं ते सगळं त्या दोनशे पानी वहीत होतं. आत्यानं सांगितलेलं तिनं लिहून घेतलं होतं, तिला वाचून दाखवलं होतं, आणि खाली तिचा अंगठा उठवून घेतला होता. ग्रामसभेचा ठराव झाला की अंगठा उठवतात, तेच पाहून मोठी झालेली पोरगी, तिला ते आपोआप सुचलं. ती वही मसुद्यासोबत माझ्याकडे आली, आणि मी ठेवून घेतली. 'हे राहू दे इथंच, नाहीतर पुन्हा त्यातलंच उतरवशील,' असं म्हणालो होतो. मागायची तिची हिंमत झाली नसणार.

कॉलेजातलं माझं कपाट मी सोमवारी रिकामं केलं. जुने पेपर निघाले, हजेऱ्या निघाल्या, सुनावणीला अकरा दिवस उरले होते ते आठ झाले, आणि वही निघाली नाही. घरी माळा उतरवला. ट्रंक उपसली. झोप तर गेलीच होती, जेवणही जाईना. दिवाळीत बायकोनं रद्दी दिली होती. ती आठवून मी तिच्यावरही ओरडून घेतलं.

"कोनाची कोनती वही म्हणून राह्यले तुम्ही?" ती शांतपणे म्हणाली. "निळ्या पुठ्ठ्याची? दोऱ्यानं बांधलेली?"

"हो, हो, तीच! दिली ना रद्दीत?"

"काऊन देऊ? चांगला जाड पुठ्ठा होता. कूलरखाली लावली मी."

आमच्या कूलरचा एक पाय आखूड आहे. होळीनंतर कूलर खिडकीत बसवला की तो डुगडुगतो, म्हणून दर वर्षी त्याच्या पायाखाली काहीतरी लागतं. या वर्षी तिथं एका गावाचं जंगल लागलं होतं. मी जमिनीवर पालथा पडलो, बायकोनं कूलर उचलून धरला, आणि मी वही बाहेर काढली. कूलरचं पाणी ठिबकून कडा फुगल्या होत्या. खालच्या कोपऱ्यातली निळी शाई पसरून गेली होती. देवा, मधली पानं तेवढी असू दे, म्हणत मी ती पंख्याखाली एकेक उघडली. आत्याचं पान सापडलं. मजकूर वाचता येत होता, जांभळा अंगठाही होता, थोडा पसरट. आणि त्याच्या खाली माझा लाल शेरा ठणठणीत होता, पाण्याचा थेंबही लागला नव्हता : 'ही ऐकीव माहिती आहे. हा संदर्भ नव्हे. काढून टाका. छापील आधार द्या.' खाली माझी सही आणि तारीख.

आता हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी ब्लेड आणलं. शेरा पानाच्या अगदी तळाला होता. दोन बोटांची पट्टी कापली की वही स्वच्छ. कडा तर भिजलेल्याच आहेत, कोण विचारणार? गावाचंही काम होईल आणि माझीही लाज राहील, असं मी स्वतःला समजावत होतो. कुठल्या मोठेपणामुळे थांबलो असं कोणाला वाटू नये. पान उलटून पाहिलं, तर बरोबर त्या पट्टीच्या मागे पोरीनं लिहिलं होतं, 'आत्यानं तीन बिया ठेवल्या. तिचा बाप, बापाचा मामा, आणि त्या मामाचा बाप. तो स्वतः टेकडीपर्यंत चालला होता.' माझा शेरा कापला की ही तीन माणसं कापली जात होती. ब्लेड मी पुन्हा दाढीच्या डब्यात टाकलं.

सुनावणीचा दिवस नेमका तेंदूपत्त्याच्या ऐन धांदलीत आला. गावाचे लोक पहाटेची पत्त्याची फेरी सोडून काळी-पिवळी जीपनं आले होते. आत्याला मांडीवर घेतल्यासारखं बसवून आणलं होतं. वाळलेली, पांढऱ्या केसांची, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, पण डोळे असे की मला त्यांच्याकडे पाहवेना. माझ्या शर्टाची पाठ भिजून गेली होती.

समितीचा अधिकारी तरुण होता. त्यानं पुस्तक मागितलं. पोरगी उभी राहिली, पण तिच्या आधी मीच बोललो. आधी बोललो नसतो तर पुन्हा पळालो असतो, हे मला ठाऊक होतं.

"साहेब, पुस्तक नाही. असं पुस्तकच नाही. संदर्भ मोबाईलमधून तयार होऊन आला, मी तो तपासला नाही आणि सही केली." मी वही पुढं ठेवली. "हे मूळ आहे."

त्यानं पान दोन्ही बाजूंनी वाचलं. मग शेरा मोठ्यानं वाचला, एकेक शब्द.

"हे कोणाचं अक्षर?"

"माझं."

"म्हणजे सर, खरं होतं ते तुम्ही काढायला लावलं, आणि खोटं होतं त्याला प्रमाणपत्र दिलं?"

"हो."

दुसरं काय सांगणार? माझ्या मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक खाकरला आणि उठला. "साहेब, आमचंबी चुकलं," तो म्हणाला. "चष्मेवाला साहेब आमी पाह्यला नाई. आमाले वाटलं, पोरगी शिकलेली, तिचा फोन शिकलेला, तं आला असनच कोनीतरी. मंग दिसूनच राह्यला तो आमाले." कोणी हसलं नाही. दुसऱ्यानं नुसती मान हलवली.

अधिकारी वही हातात धरून थोडा वेळ बसला. मला वाटलं, गेलं. पुस्तक खोटं, जबाब खोटे, आणि वहीचं काय, ती तर कोणीही कालपरवा लिहून आणू शकतं. मग त्यानं वही आपल्याकडे उभी धरली, पान कोणाला दिसू नये अशी, आणि आत्याकडे वळला.

"बाई, टेकडीपर्यंत तुमचं जंगल आहे हे तुम्हाला किती जणांकडून कळलं?"

पोरगी आत्याच्या कानाशी, त्यांच्या घरच्या गोंडीत, सांगायला वाकली. "तुम्ही फक्त प्रश्न सांगा," तो म्हणाला, "उत्तर नको." तिनं प्रश्न सांगितला आणि मागे सरकली.

आत्याचा डावा हात कमरेकडे गेला. बटव्याची गाठ एका हातानं सुटेना. एक बाई मदतीला उठली, तर अधिकाऱ्यानं हातानं थांबवलं. म्हातारीनं गाठ दातात धरून ओढली. टेबलावर एक बी ठेवली. मग दुसरी. मग हात थांबला.

दोनवर थांबली तर संपलं. दिवाळीच्या आधीपासून आजारी, लकव्याचा फटका डोक्याला बसलेला, विसरली असेल तर तिचा काय दोष? पण दोष कोणाचा हे विचारतं कोण? दीड वर्षापूर्वी ती धडधाकट होती, बोलत होती, तेव्हाच तिचं नाव त्या पानावर राहिलं असतं तर आज तिला दातानं गाठ सोडावी लागली नसती. माझ्याच पेनानं हे घडलं होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

तिचा हात पुन्हा बटव्यात गेला. बोटं आत चाचपत राहिली, आणि तिसरी बी बाहेर आली. ती तिनं पहिल्या दोघींच्या रांगेत नीट लावली आणि बटवा मांडीखाली सरकवला.

अधिकाऱ्यानं पान उलटून मागची बाजू पुन्हा वाचली. "तीन," तो लिपिकाला म्हणाला. "लिहून घ्या. वही मूळ पुरावा म्हणून दाखल करा. पुस्तकाचा उल्लेख वगळा." मग माझ्याकडे वळून, "तुमचाही लेखी जबाब लागेल, सर. सगळा."

मी तिथंच बसून लिहिला. पोरीनं आत्याचं नाव लिहिलं होतं, मी ते काढायला लावलं, पुस्तक मी पाहिलं नव्हतं, तोंडी परीक्षेत दुर्मीळ आहे असं मी खोटं बोललो.

जागेवरची पाहणी झाली आहे. दाव्याचा निकाल अजून यायचा आहे. कॉलेजकडून मला खुलासा मागणारं पत्र आलं, त्याचं उत्तर दिलंय, पुढं काय होईल माहीत नाही. पोरीच्या पदवीला धक्का लावू नये अशी विनंती त्यात केली आहे, त्या विनंतीचंही काही कळलेलं नाही. या वर्षीच्या मसुद्यांत छापील संदर्भ दिसला की मी आता पोरांना विचारतो, हे पुस्तक तू हातात धरलंस का? आणि त्यांनी 'हो' म्हटलं तरी माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर सगळे कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसले होते. कोणीतरी चहा आणला. आत्यानं ओट्यावर पुन्हा त्या तीन बिया मांडल्या आणि भाचीकडे पाहत राहिली. पोरीला कळलं. तिनं बटव्यातून आणखी एक काढली आणि रांगेच्या शेवटी ठेवली.

"ही आत्याची," ती मला म्हणाली. "आता मी सांगणार ना कोणाले, तं मले चार ठेवा लागन." मग तिच्या हातात अजून एक बी होती, ती धरून तिनं जरा अवघडून विचारलं, "सर, तुमची ठेवू का? माह्या वहीत तुमचंबी लिहिलेलं आहेच."

आत्या माझ्याकडे पाहत होती.

"नको पोरी," मी म्हणालो. "मी कुठं ऐकलं होतं?"